राखाडी निळा

“निळा डोळ्यांत खुपतो म्हणतायत,” मालक म्हणाले आणि परत आलेला टॉर्च त्यांनी ताईंच्या पुढ्यात ठेवला.

ताईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. टॉर्च त्यांच्याच हातून गेलेला होता. अंगठ्याहून जरा मोठा, पितळी कड्याचा. बटण कडक आहे, क्लिप सैल आहे, काचेवर ओरखडा आहे, अशा तक्रारी अधूनमधून यायच्या आणि त्या फौजींच्या वाट्याला जायच्या. काजव्यांबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

“आणि लाल?” त्यांनी विचारलं.

“लाल बरोबर आहे म्हणे. हिरवा थोडा जास्त. निळा मात्र उशाशी ठेववत नाही. रुमालाखाली झाकून झोपतात बिचारे.”

“जाड रुमाल घ्या म्हणावं,” प्रेसवर कडी बसवता बसवता फौजी म्हणाले. ते खरोखरच सैन्यातून निवृत्त झालेले होते आणि गिऱ्हाइकांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. घरात चाळीस टॉर्च आणि अंधार एकही नाही, असं ते या लोकांबद्दल म्हणायचे.

त्यात तथ्य होतं. कारखाना म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या, आणि तिथे बनणारे टॉर्च गरजेपोटी कुणी घेत नसे. ते घेत शौकीन. त्यांना मधल्या मोठ्या दिव्याच्या झोताइतकंच, किंबहुना जास्तच, कौतुक असायचं ते त्याच्या भोवती बसवलेल्या इवल्या रंगीत दिव्यांचं. टॉर्च बंद असला तरी हे दिवे मंद जळत राहतात. अंधारात हात बरोबर तिथे जावा, एवढंच त्यांचं काम. सेल भरलेला असला की निळा, अर्ध्यावर आला की हिरवा, संपत आला की लाल. पत्रात गिऱ्हाइकं त्यांना काहीतरी इंग्रजी नावाने संबोधत, कारखान्यात मात्र पहिल्या दिवसापासून त्यांना काजवे म्हणत.

काजवा किती उजळ असावा यावर शौकिनांमध्ये हमरीतुमरी चाले. फार मंद ठेवला तर सापडत नाही, फार उजळ ठेवला तर झोप उडते आणि सेलही उगाच संपतो. आणि रंग बदलला तरी उजेड बदलता कामा नये, ही मालकांची स्वतःची हौस. ते शिकलेले इंजिनिअर. सुरुवातीला त्यांनी मीटर लावून तिन्ही रंग अगदी काट्यावर समान केले होते. दिवसा ते छान दिसले. अंधारात नेल्यावर लाल विझल्यासारखा झाला आणि निळा भसाभसा पेटल्यासारखा. मिणमिणत्या उजेडात माणसाचा डोळा वेगळ्याच यंत्रणेने बघतो. त्या यंत्रणेला लाल जवळजवळ कळत नाही, निळा-हिरवा मात्र फार कळतो. मीटरला हे कसं सांगायचं, या विचारात मालक असताना खोक्यांना लेबलं चिकटवायला ठेवलेल्या ताई सहज म्हणाल्या होत्या, की हा निळा ओरडतोय, त्याला जरा गप्प करा. मालकांनी स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच हातात दिला. तेव्हापासून लेबलं दुसरं कुणीतरी चिकटवत होतं.

“निळ्यांचा नवा लॉट आलाय ना,” ताई आत्ता म्हणाल्या. “तो असेल जास्त तेजाचा.”

“मलाही तेच वाटलं. बघतो तपासून,” मालक म्हणाले.

दुपारी त्यांनी तपासलं. नवा लॉट जुन्यासारखाच होता. त्यांनी हे सांगताना आवाजात काही येऊ दिलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल ताई, एकदा दाखवून घ्या, एवढंच म्हणाले आणि खर्च कारखाना करेल असंही पुढे जोडलं. ताईंनी मान हलवली. नंबराने असलं काही होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. नंबर बिघडला तर तिन्ही रंग सारखेच पुसट व्हायला हवेत. इथे लाल बरोबर होता. एकट्या निळ्याचं चुकावं आणि हिरव्याचं थोडं चुकावं, असं होण्याचं कारण एकच असू शकतं, आणि ते कारण त्यांच्या घरात फार वर्षं राहून गेलं होतं.

त्यांच्या वडिलांना पन्नाशीच्या आत संध्याकाळनंतर दिसेनासं झालं. मग कडेचं दिसेनासं झालं, मग सरळ नळीतून बघावं तसं मधलंच तेवढं उरलं, आणि शेवटी तेही गेलं. दादाला, म्हणजे ताईंच्या थोरल्या भावाला, तिशीतच सुरुवात झाली. त्या वेळी डॉक्टरांनी दोन्ही भावंडांना तपासलं होतं. ताईंना अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बसवून काय काय विचारलं आणि बाहेर आल्यावर पाठीवर हात ठेवून सांगितलं, की हिचे डोळे स्वच्छ आहेत. ज्याच्या डोळ्यांत हे नाही, त्याच्या मुलांतही उतरत नाही. तुमच्या घराण्यातलं हे दुखणं हिच्यापाशी येऊन थांबलं.

त्या वाक्यावर ताईंचं लग्न झालं. त्या वाक्यावर त्यांना मुलगी झाली. दादाने लग्न केलं नाही. टेलिफोन ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर एक जण होती, ती दोन-तीन वर्षं थांबून राहिली. पोरांना काय देऊ, असं त्याने आईला एकदाच विचारलं होतं, पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यामुळे कोठीतलं काम ताईंना कधी नुसतं काम वाटलं नव्हतं. कोठी म्हणजे कारखान्याच्या मागची जुनी सामानाची खोली. भिंती, छत, दार, सगळं बिनचकाकीच्या काळ्या रंगाने रंगवलेलं. दिवा नाहीच, असलेला होल्डरही काढून टाकलेला. आत जाऊन स्टुलावर बसायचं आणि डोळे तयार होईपर्यंत थांबायचं. सोबत नेलेल्या चहावर साय धरून तो पार थंड होईपर्यंत. मग ट्रेमधले टॉर्च एकेक करून पुढ्यात घ्यायचे. बटण दाबत गेलं की सेल कितीही भरलेला असो, तिन्ही रंग पाळीने लागत. आधी लाल ठरवायचा, मग काचेखालचा बारकासा स्क्रू फिरवत हिरवा आणि निळा त्याच्या बरोबरीला आणायचा. सरळ बघायचं नाही, नजर किंचित बाजूला ठेवायची. मंद उजेड कडेनेच चांगला दिसतो.

निळ्याची खूण त्यांनी स्वतः शोधली होती. स्क्रू हळूहळू उघडत गेलं की तो आधी निळा दिसतच नाही. राखेसारखा दिसतो, चुलीतली निवलेली राख असावी तसा. आणखी थोडा फिरवला की एकदम निळा होतो. निळा झाला की समजायचं, जास्त झाला. जरा मागे घ्यायचा. बरोबर निळा तो, जो अजून राखेत आहे. रोज सकाळी पहिली राख दिसली की ताईंच्या मनात कुठेतरी हुश्श व्हायचं. इतरांना पगार मिळतो, आपल्याला पगार आणि वर रोजचा दाखला, असं त्या मनाशी म्हणत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून पहिल्या वर्षीचा नमुन्याचा टॉर्च काढला. त्यातले काजवे त्यांनीच लावलेले होते आणि अजूनही तोच नमुना म्हणून गिऱ्हाइकांना दाखवला जायचा. नवा सेल घालून त्या कोठीत जाऊन बसल्या. चहा न पिता थंड होऊ दिला. नंतरही आणखी थांबल्या. मग बटण दाबलं. लाल आला, ओळखीचा, जिथल्या तिथे. पुन्हा दाबलं. हिरव्याच्या जागी काही नव्हतं. नजर इकडे-तिकडे फिरवल्यावर काहीतरी असल्यासारखं वाटलं, पण ते डोळ्याला वाटलं की मनाला, हे सांगता आलं नसतं. पुन्हा दाबलं. निळा लागला नाही.

सेलचा खिळा गंजला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बाहेर येऊन टॉर्च फौजींच्या हातात दिला.

“बघा हो, निळा लागतोय का.”

फौजींनी खुंटीवरचा कोट काढला आणि जुन्या फोटोग्राफरसारखा डोक्यावरून घेऊन आत शिरले. बाहेर लख्ख दुपार होती. कोटाच्या आतून त्यांचा आवाज आला, की इथे तंबाखूचा वास फार आहे, कोट कुणाचा आहे कोण जाणे. बऱ्याच वेळाने, डोळे सरावल्यावर म्हणाले, “लागतोय की.”

“नीट बघा.”

“ताई, गस्तीवर रात्र रात्र काढल्यात मी. मंद आहे, पण चांगला आहे. काय बिघडलंय याला?”

“काही नाही,” ताई म्हणाल्या. “द्या इकडे.”

जागेवर येऊन बसल्यावर त्यांनी आठवून पाहिलं. राख शेवटची कधी दिसली होती? गेले कित्येक महिने स्क्रू फिरवताना काळोखातून एकदम निळाच उगवत होता. आधी नाही, आणि मग निळा. मधला टप्पा गेला होता आणि तो गेल्याचं त्यांना कळलं नव्हतं. हाताला सवय होती, मान सवयीने कलती होत होती, आणि त्या आपल्या मते जरा मागे घेऊन टॉर्च पुढे सरकवत होत्या. लोकांच्या उशाशी त्यांचा अंधार उजळून पडत होता.

त्या संध्याकाळी घरी जाताना त्या दादाकडे थांबल्या. तो त्यांच्याच इमारतीत, पण वरच्या मजल्यावर राहायचा. त्याला आता काहीच दिसत नव्हतं, तरी खाली राहायला ये म्हटलं की म्हणे, मला उजेडाची आणि हवेची आवड आहे. दार उघडायच्या आधीच तो आतून म्हणाला, “ये, छोटे. काय झालं?”

“काय व्हायचंय? सहज आले.”

“हल्ली जिना चढताना पायरी शोधतेस तू.”

“गुडघे दुखतात.”

“गुडघे दुखणारा माणूस पाय टाकतो आणि मग कण्हतो. तू आधी चाचपतेस आणि मग टाकतेस.” त्याने खुर्ची पायाने त्यांच्याकडे सरकवली. “हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. मी दोन वर्षं तसाच चढत होतो आणि आईला सांगत होतो, चप्पल सैल झालीय.”

ताई खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. परत आलेला टॉर्च, लॉट, फौजींचा कोट. कोटापाशी दादा हसला. त्याला असल्या जागी हसू यायचं.

“म्हणजे इस्टेटीतला तुझा वाटा तुलाही मिळाला,” तो म्हणाला. “उशिरा का होईना.”

“मला माझं काही वाटत नाही रे.”

“खोटं बोलू नकोस. वाटतं. वाटायलाच हवं.” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “बबडीला सांगितलंस?”

बबडी म्हणजे ताईंची लेक. नाव दुसरं होतं, पण ते आता फक्त तिच्या लायसन्सवर उरलं होतं. तिचा बाप जहाजावर. वर्षातून दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने मायलेकी एकमेकींच्या उरावर. बबडी अँब्युलन्स चालवायला शिकली होती. परीक्षा पास होऊन नेमणूक हातात आली होती, आणि पुढच्या महिन्यापासून तिला रात्रपाळी लागणार होती. सगळ्यांना सांगत सुटली होती, की शहरात दिवसा काय कुणीही गाडी चालवतं, खरी गाडी रात्रीची.

“आधी माझं तरी नक्की होऊ दे,” ताई म्हणाल्या.

“नक्की करायला डॉक्टर असतात. तू कोठीत जाऊन बसतेस.”

“जाईन डॉक्टरकडे.”

“आणि तिला?”

डॉक्टरचं ते जुनं वाक्य त्यांना दिवसभर उलटं ऐकू येत होतं. ज्याच्या डोळ्यांत आहे, त्याच्या मुलांत उतरू शकतं. निम्मी शक्यता, असं दादाच्या वेळी सांगितलं होतं. नाणं उडवावं तशी. ते नाणं वीस-बावीस वर्षांपूर्वीच उडवून झालं होतं आणि ताईंनी ते कधी पाहिलंच नव्हतं, कारण असं काही नाणं आहे हेच त्यांना मान्य नव्हतं.

“तू मला त्या वेळी काही म्हणाला नाहीस,” त्या अचानक म्हणाल्या. “लग्नाच्या वेळी. स्वतः थांबलास आणि मला मात्र जाऊ दिलंस.”

“तुला दिसत होतं,” दादा म्हणाला. “दिसणाऱ्या माणसाला मी काय सांगणार?” आणि मग उठून, न अडखळता, त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला.

ताईंनी मालकांना दुसऱ्या दिवशी अर्धंच सांगितलं. डोळे थकलेत, दाखवणार आहे; तोवर हा ट्रे अडायला नको, लेकीला सुट्टीच्या दिवशी घेऊन येऊ का? मालक लगेच हो म्हणाले, किल्लीही दिली. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे ताईंना त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. ते नुसतं म्हणाले, की घाई करू नका, गिऱ्हाईक थांबेल.

लेकीला त्यांनी त्याहूनही कमी सांगितलं. काम तुंबलंय, जरा मदत कर.

“मला?” बबडी म्हणाली. “त्या दिवशी मोज्यांची जोडी लावली तर म्हणालीस, तुला काळा आणि निळा कळत नाही. आणि आता रंग लावायला मीच?”

“उजेड लावायचाय. रंग ज्याचा त्याचा असतो.”

कोठीचं दार लावून घेतलं तेव्हा बाहेर सकाळचं ऊन होतं. ताई भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या, लेकीला स्वतःच्या स्टुलावर बसवलं. ट्रे दोघींच्या मधे. नमुन्याचा टॉर्च लालावर सुरू करून ठेवला आणि सांगितलं, की आता थांबायचं.

“किती?”

“होईल. डोळे मिटू नकोस, बोलत राहा.”

बोलत राहा म्हणून बबडीला सांगावं लागत नसे. ती तिच्या शिकवणाऱ्या उस्तादाबद्दल सांगू लागली. तो शेजारच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि म्हणायचा, मागे पेशंट आहे असं समज. पेला सांडला तर पेशंट सांडला. पहिल्या आठवड्यात उस्तादाची पँट रोज ओली. शेवटी तो रेनकोट घालून बसू लागला. “आणि परीक्षेच्या दिवशी थेंब नाही सांडला, आई. एक थेंब नाही. तर तोच पाणी पिऊन टाकतो आणि म्हणतो, तहान लागली होती.”

ताई ऐकत होत्या. लेकीचा आवाज दोन हातांवर होता आणि तिथे त्यांना काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. पूर्वी एव्हाना कपाचा काठ दिसायला लागायचा, मग ट्रेची कड, मग स्वतःचे हात. आता फक्त तो लाल ठिपका, आणि त्याच्याभोवती सगळीकडे काहीच नाही.

“बरं, आता पहिला घे. बटण तीनदा दाब, म्हणजे निळ्यावर येईल. मी तो पुरता बंद करून ठेवलाय. स्क्रू अगदी हळू फिरव. सरळ नको बघूस, जरा बाजूला बघ.”

स्क्रूड्रायव्हरचा खुट्ट आवाज आला.

“आला,” बबडी म्हणाली.

“कसा आहे?” ताईंनी विचारलं.

“कसा म्हणजे? मंद.”

“रंग सांग.”

“निळा म्हणालीस ना? पण हा काही निळा नाही, आई. चुकीचा दिवा बसवलाय तुमच्या लोकांनी. हा तर...” ती थांबली, मान कलती करून बघत असावी. “राखाडी आहे. राख असते ना, तसा.”

ताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“अजून थोडा फिरव.”

“आता झाला बघ निळा. अरेच्चा.” एवढा निळा ताईंनाही दिसला.

“आता मागे घे. राखेपर्यंत.”

“घेतला. लालाच्या बरोबरीचा झाला. कणभर जास्तच असेल.”

जिथे तो असायला हवा होता, तिथे ताईंनी टक लावून पाहिलं, मग बाजूला पाहिलं, मग वर. काही नव्हतं. लेक थट्टा करत नाही ना, असंही क्षणभर मनात आलं. त्यांनी आवाज न करता हात पुढे केला, ट्रेच्या कडेवरून अंदाजाने बोट नेऊन टॉर्चच्या काचेवर ठेवलं.

“आता बघ, बरोबर आहे का?”

“आता तू बोट ठेवलंयस त्याच्यावर,” बबडी म्हणाली. “काढ. परीक्षा घेतेस काय?”

ताईंनी बोट काढलं. “पुढचा घे,” त्या म्हणाल्या.

बबडीला ते जमत गेलं. एकेक टॉर्च ती घेई, खुट्ट आवाज येई, आणि ती तो ट्रेमध्ये पेटता ठेवून देई. मध्ये मध्ये बडबड. रात्रपाळीला थर्मास कोणता न्यावा, मामाला गाडीतून एक चक्कर मारून आणायची आहे, तो म्हणाला सायरन लावणार असशील तरच येतो. ताई हं हं करत होत्या. दिसतं तिला. आज दिसतं. आपल्यालाही या वयात दिसत होतं आणि डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. राख दिसली म्हणजे आजचा दिवस मिळाला, तेवढंच. आता मशीन असतात, तपासण्या असतात, दिसत असतानाही आतलं सांगतात म्हणे. तिला घेऊन जावं लागेल. त्याआधी तिला सांगावं लागेल, आणि तिने विचारलं की मला आधी का नाही सांगितलंस, तर काय उत्तर द्यायचं ते शोधावं लागेल. पण आज तिला दिसतंय. डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी ते येऊ दिले. अंधार होता. ओढणीच्या टोकाने गाल टिपले, आवाज होऊ दिला नाही.

“डोळ्यांत काही गेलं का?” बबडीने विचारलं.

ताईंचा हात तसाच राहिला.

“तुला दिसलं?”

“म्हणजे काय? समोर तर बसलीयेस.” स्टूल किंचित करकरलं. “आई, रडतेयस तू?”

“इथे उजेड आहे?” ताईंनी विचारलं.

“इतके लावलेत की मी. पूर्ण ट्रे. चांदण्यासारखं झालंय सगळं.” ती थांबली. मग आवाज बदलून, अगदी सावकाश म्हणाली, “तुला दिसत नाहीये?”

लाल ठिपका जागच्या जागी होता. ताईंनी त्याच्याकडे बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं हे त्यांना कळेना.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “सगळं सांगते. आधी मला सांग, काय काय दिसतं तुला इथे?”

“आई...”

“सांग ना.”

बबडी म्हणाली, की तू दिसतेस. तुझी ओढणी, तिच्यावरची बुट्टी नाही कळत, पण कड कळते. कप आहे, त्याच्यावर साय आलीय. तुझ्या खुर्चीचा एक पाय तिरका आहे. वर छतात भोक आहे, तिथे पूर्वी दिवा असेल. दाराची कडी. बोलता बोलता तिचा आवाज हळू होत गेला, पण ती थांबली नाही. भिंतीवरून नजर फिरवत एकेक वस्तू आईला देत गेली, आणि ताई प्रत्येक वस्तू जिथली तिथे ठेवत गेल्या.

“आणि भिंतीवर एक पट्टा आहे,” बबडी म्हणाली.

“कसला पट्टा?”

“चकचकीत. बाकी सगळी भिंत मुरलेली काळी आहे, पण तेवढाच भाग गुळगुळीत झालाय. हाताच्या उंचीवर आहे. कुणीतरी रोज हात घासत गेल्यासारखा.”

ताईंना असा कुठला पट्टा आठवेना. त्या रोज काम संपवून उठत आणि बाहेर जात. कशा जात, हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं.

“कुठून कुठपर्यंत?” त्यांनी विचारलं.

बबडी स्टुलावरून उठली. तिची पावलं भिंतीच्या कडेने सरळ, न अडखळता गेली आणि थांबली.

“या स्टुलापासून,” ती म्हणाली, “दारापर्यंत.”